कादंबरीतील ‘छावा’ आणि पडद्यावरील ‘छावा’ : छत्रपती संभाजी महाराजांच्या प्रतिमेचा ऐतिहासिक अभ्यास (सोलापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

गोषवारा :

शिवाजी सावंत यांच्या ‘छावा’ (१९७९) या कादंबरीवर आधारित त्याच नावाचा हिंदी चित्रपट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. नामवंत कलावंतांचा संच, प्रचंड व्यावसायिक यश आणि प्रेक्षकांतील तीव्र मतभेद अशी तिन्ही वैशिष्ट्ये या चित्रपटात एकवटली. प्रस्तुत निबंधात या मतभेदांचा विचार छत्रपती संभाजी महाराजांच्या प्रतिमेच्या दोनशे वर्षांच्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर केला आहे. बखर, नाटक, संशोधन, कादंबरी आणि चित्रपट या टप्प्यांतून ही प्रतिमा कशी बदलत गेली, चित्रपटाने कादंबरीतून काय घेतले व काय सोडले, आणि जे सोडले त्यातील महत्त्वाचा भाग सोलापूर परिसरातच कसा घडला, हे येथे दाखविण्याचा प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : छावा, संभाजी महाराज, औरंगजेब, ऐतिहासिक कादंबरी, माध्यमांतर, सोलापूर, अकलूज, ब्रह्मपुरी.

१. प्रस्तावना

सोलापूरजवळील होटगी हे रेल्वेचे जंक्शन आहे. मुंबई–चेन्नई मुख्य मार्गावरून विजापूर–गदगकडे जाणारा फाटा येथे फुटतो. हा फाटा ज्या विजापूरकडे जातो, त्याच विजापूरकडे १६८६ च्या जून महिन्यात औरंगजेब बादशहाची छावणी सोलापुराहून हलली होती. वर्षभराहून अधिक काळ बादशहाचा मुक्काम सोलापुरास होता. या भागातील विद्यार्थ्याला ही माहिती बहुधा नसते. मात्र औरंगजेब पडद्यावर कसा दिसला, हे तो तपशीलवार सांगू शकतो. इतिहासाच्या अध्यापकासमोर २०२५ नंतर उभा राहिलेला प्रश्न या विसंगतीत आहे.

लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. विकी कौशल (संभाजी महाराज), रश्मिका मंदाना (येसूबाई), अक्षय खन्ना (औरंगजेब), आशुतोष राणा (हंबीरराव मोहिते), दिव्या दत्ता (सोयराबाई), विनीत कुमार सिंह (कवी कलश) अशी त्यातील पात्रयोजना असून संगीत ए. आर. रहमान यांचे आहे. जगभरातील तिकीटविक्रीतून चित्रपटाने सुमारे ८०० कोटी रुपयांचा व्यवसाय केला. मध्य प्रदेश व गोवा या राज्यांनी तो करमुक्त केला. चित्रपटगृहातून डोळे पुसत बाहेर पडणारा प्रेक्षक आणि या चित्रपटावर कठोर टीका करणारा समीक्षक, दोघेही बहुधा एकाच खेळाला बसले असावेत. हा दुभंग का निर्माण झाला, याचे उत्तर केवळ चित्रपटकलेच्या चर्चेतून मिळत नाही. त्यासाठी संभाजी महाराजांच्या प्रतिमेचा पूर्वेतिहास पाहावा लागतो.

२. प्रतिमेचा पूर्वेतिहास : बखरीपासून संशोधनापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीस यांनी लिहिलेल्या बखरीतून संभाजी महाराजांची व्यसनी, उतावीळ आणि क्रूर अशी प्रतिमा पुढे आली. हे बखरकार बाळाजी आवजी चिटणीस यांचे वंशज होत. बाळाजी आवजींना संभाजी महाराजांच्या आज्ञेने १६८१ मध्ये देहान्त शासन झाले होते. घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी, आणि तेही बाधित घराण्याच्या वंशजाने केलेल्या या लेखनाचे साधनमूल्य मर्यादित आहे, हे पुढील संशोधकांनी वारंवार दाखविले. तथापि ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात बखरींचा आधार घेतला आणि हे चित्र इंग्रजी ग्रंथांत स्थिरावले. खाफीखानासारख्या मोगलपक्षीय इतिहासकारांच्या प्रतिकूल शेऱ्यांनी त्याला बळ दिले.

मराठी रंगभूमीनेही प्रथम हीच प्रतिमा स्वीकारली. राम गणेश गडकरी यांचे ‘राजसंन्यास’ हे अपूर्ण नाटक याचे ठळक उदाहरण होय. त्यातील चित्रणाचा राग जवळजवळ शतकानंतर, जानेवारी २०१७ मध्ये, पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडण्यापर्यंत गेला. म्हणजे संभाजी महाराजांच्या चित्रणावरून समाज दुभंगण्याची घटना २०२५ मध्ये प्रथम घडलेली नाही.

या प्रतिमेला खरा धक्का संशोधनाने दिला. संभाजी महाराजांच्या नावावर असलेला ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ १९२६ मध्ये पुण्याहून संपादित होऊन प्रसिद्ध झाला आणि बखरीतील व्यसनी राजाच्या जागी राजनीतीचा व्यासंगी राजपुत्र दिसू लागला. वा. सी. बेंद्रे यांनी दीर्घकाळ साधने जमवून १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रकाशित केले. डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा ग्रंथ १९७१ मध्ये आला. सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणली, तर पां. स. पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज दप्तरांतील कागद उजेडात आणले. याच काळात वसंत कानेटकर यांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) आणि ‘इथे ओशाळला मृत्यू’ (१९६८) या नाटकांनी संभाजी महाराजांकडे सहानुभूतीने पाहण्याची सवय प्रेक्षकाला लावली. पहिल्या नाटकात पिता-पुत्रांतील ताण आहे. दुसऱ्यात अखेरच्या दिवसांचे धीरोदात्त दर्शन आहे.

३. कादंबरीने केलेले कार्य

शिवाजी सावंत (१९४०–२००२) यांनी ‘मृत्युंजय’ (१९६७) या कादंबरीत कर्णाला न्याय दिला होता. जन्मभर उपेक्षा आणि मृत्यूनंतर अपकीर्ती वाट्याला आलेल्या वीराची बाजू मांडणे हा त्यांच्या प्रतिभेचा आवडता विषय म्हणता येईल. ‘छावा’ त्याच वाटेवरची कृती आहे. बेंद्रे आणि गोखले यांच्या ग्रंथांचा वाचक मर्यादित होता. कादंबरीने तो निष्कर्ष घराघरांत नेला. आज महाराष्ट्रातील सर्वसामान्य वाचकाच्या मनातील संभाजी महाराज मुख्यतः या कादंबरीचे आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कादंबरीचे बळ तिच्या विस्तारात आहे. आईविना वाढणारा बालक, आग्र्याचा प्रवास, दरबारातील मुत्सद्द्यांशी येणारा दुरावा, दिलेरखानाच्या छावणीत जाण्याचा १६७८ अखेरचा दुर्दैवी निर्णय आणि वर्षभराने झालेले पुनरागमन हे सर्व तिच्यात येते. नायक चुकतो, पश्चात्ताप पावतो आणि त्यातून घडतो. अर्थात ही कादंबरी आहे. संवाद, मनोगते आणि अनेक प्रसंगांची जुळणी लेखकाची आहे. सावंतांनी नायकाचा पक्ष घेऊन लिहिले, हे विसरून चालणार नाही. मात्र नायकाचे गौरवीकरण करतानाही त्याच्या आयुष्यातील अडचणीचे प्रकरण त्यांनी टाळले नाही, हे नोंदविले पाहिजे.

४. चित्रपटाची निवड आणि वगळ

सुमारे दोन तास चाळीस मिनिटांच्या चित्रपटात बृहत् कादंबरी मावणे शक्य नव्हते. माध्यमांतरात वगळ अटळ असते. प्रश्न वगळ कशाची झाली हा आहे. चित्रपटाची मुख्य कथा शिवाजी महाराजांच्या निधनानंतर, बुऱ्हाणपूरच्या स्वारीपासून (१६८१) सुरू होते आणि संगमेश्वर येथील अटक व मृत्यू (१६८९) येथे संपते. त्यामुळे दिलेरखान प्रकरण आपोआप कथेबाहेर गेले. नायकाच्या आयुष्यातील चूक गेली, आणि तिच्याबरोबर घडण्याची प्रक्रियाही गेली.

दुसरी वगळ अधिक महत्त्वाची आहे. १६ जानेवारी १६८१ रोजी राज्याभिषेक झाल्यानंतरची आठ वर्षे हा संभाजी महाराजांच्या कर्तृत्वाचा खरा काळ होय. जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्धची मोहीम, बादशहाचा बंडखोर पुत्र अकबर यास दिलेला आश्रय, नाशिकजवळच्या रामसेजसारख्या लहान किल्ल्याने मोगलांशी कित्येक वर्षे दिलेली झुंज, १६८३ च्या नोव्हेंबरात फोंड्याचा यशस्वी बचाव आणि त्यानंतर जुवे बेट घेऊन पोर्तुगीज राजधानीला दिलेला हादरा, इंग्रजांशी १६८४ चा करार, या सर्वांत एकाच वेळी चार-पाच आघाड्या सांभाळणारा राज्यकर्ता दिसतो. पडद्यावर या आघाड्यांची जागा गनिमी हल्ल्यांच्या जलद दृश्यमालिकेने घेतली आहे. त्यानंतर चित्रपटाचा अखेरचा मोठा भाग कैद आणि यातना यांना दिला आहे. परिणामी महाराजांच्या आयुष्याचा अर्थ त्यांच्या मृत्यूत सामावला जातो. बखरीने त्यांचे राज्यकर्तेपण निंदेने झाकले होते. चित्रपटात ते भक्तीच्या प्रखर प्रकाशात दिसेनासे होते.

अखेरच्या प्रसंगाविषयीही साधनांची स्थिती विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. ईश्वरदास नागर याच्या फारसी इतिहासात खजिना आणि मराठ्यांशी संधान बांधणारे मोगल सरदार यांविषयीच्या चौकशीचा भाग ठळकपणे येतो. खाफीखान किल्ल्यांचा मुद्दा मांडतो. उत्तरकालीन मराठी परंपरेत धर्मांतराचा प्रस्ताव आणि त्यास दिलेला तेजस्वी नकार हा गाभा ठरतो. मृत्यूची क्रूरता आणि बादशहापुढे न झुकणे या गोष्टी मात्र दोन्हींकडे समान आहेत. त्यांच्या धैर्याची साक्ष शत्रुपक्षाच्या लेखणीनेही द्यावी, यापेक्षा मोठा पुरावा कोणता असू शकेल?

५. मतभेदांचे स्वरूप

प्रेक्षकांतील मतभेद ‘बाजूने’ आणि ‘विरुद्ध’ अशा दोन रकान्यांत बसविणे सोपे असले तरी वस्तुस्थिती गुंतागुंतीची आहे. किमान चार वेगवेगळे वाद येथे एकत्र झाले आहेत.

पहिला वाद राजप्रतिष्ठेचा. जानेवारी २०२५ मध्ये झलक प्रसिद्ध होताच संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसतात या दृश्यास आक्षेप घेण्यात आला आणि दिग्दर्शकांनी ते वगळण्याचे जाहीर केले. सोलापूरच्या गणेशोत्सवातील लेझीम पथके पाहणाऱ्यास लेझीम हा हीन प्रकार वाटण्याचे कारण नाही. आक्षेप खेळाला नव्हता. छत्रपतींनी पडद्यावर चित्रपटीय नृत्यासारखे नाचावे, याला होता. विशेष म्हणजे हा आक्षेप घेणारे बहुतेक जण महाराजांचे भक्तच होते. भक्ती एक असली तरी चित्रणाच्या मर्यादेविषयी एकमत नव्हते, असे यातून दिसते.

दुसरा वाद घराण्याच्या अब्रूचा. गणोजी व कान्होजी शिर्के यांना फितूर दाखविल्याबद्दल शिर्के घराण्याच्या वंशजांनी निषेध केला आणि दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. या प्रकरणी ‘मआसिर-इ-आलमगिरी’ची नोंद लक्षणीय आहे. शिर्क्यांशी उद्भवलेल्या कलहामुळे संभाजी महाराज रायगडाहून खेळण्याकडे गेले असल्याची बातमी हेरांनी मुकर्रबखानास दिली, असे तेथे म्हटले आहे. कलह नोंदलेला आहे. वाट दाखविणारा म्हणून शिर्क्यांचे नाव या नोंदीत नाही. रूढ समजूत आणि साधनातील नोंद यांत अंतर असल्याचे हे चांगले उदाहरण आहे. जिवंत वंशजांच्या बाबतीत हे अंतर किती महत्त्वाचे ठरते, हेही यावरून कळते.

तिसरा वाद कलेचा. अक्षय खन्ना यांचा मितभाषी, थकलेला औरंगजेब आणि विकी कौशल यांची शारीरिक तयारी यांची सर्वत्र प्रशंसा झाली. याउलट पार्श्वसंगीताचा कर्कशपणा, येसूबाईंच्या भूमिकेतील उच्चार आणि हिंसेचा अतिरेक यांवर टीका झाली. कादंबरीच्या वाचकांची तक्रार निराळी होती. येसूबाई या स्वराज्याचा कारभार सांभाळणाऱ्या स्त्री होत्या; पडद्यावर त्या मुख्यतः पतीची वाट पाहणाऱ्या पत्नी म्हणून उरल्या.

चौथा वाद वर्तमानाचा, आणि तोच सर्वांत गंभीर होय. मार्च २०२५ मध्ये खुलताबाद येथील औरंगजेबाची कबर हटविण्याच्या मागणीने जोर धरला. १७ मार्च रोजी नागपुरात आंदोलन आणि अफवा यांनंतर हिंसाचार झाला. मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात बोलताना, या चित्रपटाने औरंगजेबाविषयीचा लोकांचा रोष जागा केल्याचा उल्लेख केला. त्याच महिन्यात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात मोगलकालीन सोने मिळेल या आशेने लोक रात्री शेते खणत असल्याच्या बातम्या आल्या. एकीकडे रोष आणि दुसरीकडे खजिन्याचा शोध, या दोन्ही प्रतिक्रियांत पडद्यावरील दृश्य हाच पुरावा मानला गेला होता.

६. सोलापूर परिसराची साक्ष

या वादांकडे सोलापूर–विजापूर रस्त्यावरून पाहिले असता काही गोष्टी वेगळ्या दिसतात. औरंगजेब १६८१ अखेर बुऱ्हाणपुरास, १६८२ मध्ये तत्कालीन औरंगाबादेस आणि १६८३ अखेर अहमदनगरास आला. स्वराज्य त्वरित बुडविता येत नाही, हे या काळात त्याच्या लक्षात आले. मे १६८५ मध्ये तो सोलापुरास पोहोचला. मात्र येथून त्याने तोंड वळविले ते विजापूरच्या आदिलशाहीकडे. १२ सप्टेंबर १६८६ रोजी सिकंदर आदिलशहाने शरणागती पत्करली. पुढच्या सप्टेंबरात गोवळकोंड्याची कुतुबशाही संपली. विजापूरच्या वेढ्यात संभाजी महाराजांनी आदिलशाहीस मदत पाठविली होती. १६८७ अखेर वाईजवळ हंबीरराव मोहिते धारातीर्थी पडले, ते आदिलशाही सोडून मोगलांकडे गेलेल्या सर्जाखानाशी लढताना.

चित्रपटात दख्खनच्या या दोन सुलतानशाह्यांच्या पाडावाला जवळजवळ स्थान नाही. त्यांना स्थान दिले असते तर कथेचा पट बदलला असता. बादशहाने ज्यांची राज्ये बुडविली ते त्याचेच धर्मबांधव होते आणि त्यांच्या बचावासाठी धावणारा राजा मराठा होता, हे दाखवावे लागले असते. यावरून औरंगजेबाच्या राजवटीतील धार्मिक कठोरता नाकारता येत नाही; जिझिया (१६७९) आणि देवालयांचा विध्वंस यांचे पुरावे निःसंदिग्ध आहेत. तसेच केवळ धर्म या एका सूत्राने दख्खनच्या पंचवीस वर्षांच्या युद्धाचा उलगडा होत नाही, हेही तितकेच निःसंदिग्ध आहे. एक बाजू पहिले वाक्य वाचते, दुसरी बाजू दुसरे. अध्यापकाने दोन्ही वाक्ये एकत्र वाचून दाखविली पाहिजेत.

याच जिल्ह्यातील अकलूज येथे बादशहाचा तळ असताना फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेल्याची वार्ता त्याला मिळाली. तेथून छावणी बहादूरगडाकडे, म्हणजे पेडगावकडे गेली आणि पुढे ११ मार्च १६८९ रोजी भीमाकाठी महाराजांची हत्या झाली. चित्रपट येथे संपतो. सोलापूरचा इतिहास मात्र येथे संपत नाही. १६९५ ते १६९९ अशी सुमारे साडेचार वर्षे औरंगजेबाची छावणी मंगळवेढे तालुक्यात भीमेच्या काठी माचणूरलगतच्या ब्रह्मपुरीस होती. रायगड पडल्यावर कैद झालेल्या येसूबाई आणि बालशाहू याच छावणीच्या बंदिवासात होते. चित्रपटात बादशहाशेजारी दिसणारी त्याची कन्या झीनतुन्निसा हिने या मायलेकरांना ममतेने वागविले, असे मराठी परंपरा सांगते. संताजी, धनाजी आणि पुढे ताराबाई यांनी चालविलेल्या युद्धाने बादशहा याच मुलखात गुंतून पडला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावला. संभाजी महाराजांच्या बलिदानाचे खरे फलित या अठरा वर्षांत आहे, आणि त्यातील मोठा भाग आपल्या भीमेच्या काठावर घडला.

७. अध्यापनाच्या दृष्टीने विचार

चित्रपट पाहून आलेल्या विद्यार्थ्याला ‘हे सर्व खोटे आहे’ असे सांगणे जितके चुकीचे, तितकेच ‘हाच खरा इतिहास’ असे मौनाने मान्य करणेही चुकीचे होय. त्याच्या मनात जागलेली आस्था ही अध्यापकाला आयती मिळालेली संधी आहे. एकच प्रसंग चिटणीसांची बखर, फारसी वृत्तान्त, बेंद्रे यांचे चरित्र, सावंतांची कादंबरी आणि चित्रपट यांत कसा येतो, हे वर्गात शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल. कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणासाठी लिहिले, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागली की विद्यार्थी पडद्यालाही तेच प्रश्न विचारू लागेल. माचणूर आणि अकलूज येथील क्षेत्रभेट ही या अभ्यासाची स्वाभाविक जोड ठरेल. मराठीबरोबर कन्नड बोलणाऱ्या या सीमाभागातील विद्यार्थ्यांना विजापूर, सोलापूर आणि रायगड यांचा इतिहास परस्परांत गुंतलेला असल्याचे त्यातून प्रत्यक्ष दिसेल.

८. निष्कर्ष

१. ‘छावा’ चित्रपटावरील मतभेद हा संभाजी महाराजांच्या प्रतिमेविषयीच्या जुन्या वादाचा नवा टप्पा असून तो बखर, नाटक आणि कादंबरी यांच्या परंपरेत ठेवूनच समजून घ्यावा लागतो.

२. कादंबरीने संशोधनाचा निष्कर्ष लोकांपर्यंत नेला; चित्रपटाने कादंबरीतील भावनेचा उत्कर्षबिंदू लोकांपर्यंत नेला. या दुसऱ्या प्रवासात नायकाची चूक, त्याचे राज्यकारण आणि येसूबाईंचे कर्तृत्व मागे राहिले.

३. चित्रपटाच्या बाजूने व विरुद्ध बोलणाऱ्या दोघांनीही १६८५ ते १६८७ या काळातील विजापूर–गोवळकोंडे प्रकरणाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. सोलापूर परिसराचा इतिहास ही उणीव भरून काढू शकतो.

४. संभाजी महाराजांचे मोठेपण अतिशयोक्तीवर अवलंबून नाही. बत्तीस वर्षांच्या आयुष्यातील शेवटची आठ वर्षे त्यांनी ज्या आघाड्यांवर राज्य राखले, त्यांचा साधार परिचय विद्यार्थ्यांना करून देणे ही त्यांना वाहिलेली अधिक उचित आदरांजली ठरेल, आणि ते काम चित्रपटगृहापेक्षा वर्गात अधिक चांगले होऊ शकते.